थिओडोरावरचं तोरण

वालेटा बंदर, माल्टा
३ फेब्रुवारी १८८९

केझे, बहिणाबाई, आधी सगळ्यांची खुशाली कळव. तुझा गुडघा कसा आहे? चॅपलच्या पायऱ्या चढताना अजून कटकट वाजतो का? पास्कोचा खोकला हटला, की अजून एका हातानं पाइप ओढतोय आणि दुसऱ्या हातानं औषध पितोय? नवऱ्याला जरा दटावत जा. धाकटीचे पुढचे दात आले असतील. थॉमसिन आत्याला आता कितपत ऐकू येतं? सोयीचं तेवढंच ऐकत असेल तर म्हातारी ठणठणीत आहे म्हणायची. मागच्या दारची तांबडी कोंबडी खुडूक बसली होती, तिनं पिल्लं काढली का?

आणि टेम्परन्स बरी आहे ना? शेवटी विचारतोय म्हणून दात काढू नकोस. तो बेकर हॉकिंग अजून तिच्या दारात केशरी पाव घेऊन उभा राहतो का, तेवढं जरा डोळे उघडे ठेवून बघ. पाव विकत असेल तर माझी काही हरकत नाही. नुसताच देत असेल तर कळव. विधुर माणसाचा फुकटचा पाव मला पचत नाही.

मी मजेत आहे. नेहमीसारखी ही रोजनिशी लिहीत जाईन आणि टपालाची बोट मिळाली की गठ्ठा धाडीन. तू टेम्परन्सला वाचून दाखव, फक्त हॉकिंगचं तेवढं गाळ.

काल थिओडोरावर रुजू झालो. केझे, काय बोट आहे! अंगावर वीतभर जाडीचं लोखंड, पोटात आठ बॉयलर, दोन्ही कुशींना तोफा, आणि एवढं असून वर तीन डोलकाठ्या. लोखंडी बोटीला शिडं म्हणजे भारदस्त बाईनं नातीचा परकर नेसावा तसं दिसतं, असं मी आजवर म्हणत आलो. हिला मात्र शोभतं. इथल्या साऱ्या आरमाराच्या अॅडमिरलचं निशाण हिच्यावर फडकतं आणि हिला ते ठाऊक आहे, अशी ऐटीत उभी असते. माझी शिडं शिवायची खोली मधोमध आहे. मधल्या डोलकाठीचं खोड खोलीतूनच खाली गेलंय, त्याला टेकून बसलं की पाठीला बरं वाटतं. माझ्याआधी शिडं शिवणारा होता तो थंडीत वारला. कशानं, ते कुणी धड सांगत नाही. पोरांनी पहिल्याच दिवशी मला शिडेकाका करून टाकलंय.

मे महिन्यात माझी नोकरी भरते. मग आपलं गाव साल्टॅश, टेम्परन्सच्या घराला नवं छप्पर, आणि समुद्राकडे कायमची पाठ. चोपन्नाव्या वर्षी नवरदेव! हस, हस, तू हसावंस म्हणूनच लिहिलं.

१० फेब्रुवारी

इथे सायलस क्रॉकर म्हणून एक तांडेल आहे. माझ्याच वयाचा, हाडकुळा, अबोल. ही बोट पाण्यात उतरली त्या दिवसापासून तो हिच्यावर आहे. बदलीचा हुकूम आला की आजारी पडतो. लग्न केलं नाही. बोटीला तो बाईसाहेब म्हणतो, आणि पितळेचं काम घासताना बघावं तर माणूस देव्हाऱ्यापुढे बसलाय असं वाटतं.

आज कोको पिता पिता त्याला बोलतं केलं. म्हणाला, पहिल्या कप्तानाची नवी बायको बोट बघायला आली त्या दिवशी, वाऱ्याची झुळूक नसताना, बाईसाहेबांचा नांगर घसरला आणि त्या बाईंची होडी चेपली गेली. बाई वाचल्या, पुन्हा फिरकल्या नाहीत. इजिप्तच्या किनाऱ्यावर लढाई झाली तेव्हा कुशीत तोफेचे गोळे बसले, पण आतलं एक माणूस दगावलं नाही. तिची एक जुळी बहीण होती, मेलिसांड, त्याच गोदीत बांधलेली. अॅडमिरलनं निशाण त्या बहिणीवर हलवायचं ठरवलं आणि त्याच आठवड्यात धुक्यात बाईसाहेबांनी बहिणीला नाकानं धडक दिली. मेलिसांड बुडाली नाही, पण पुन्हा कधी समुद्रावर गेलीही नाही. चौकशीत सुकाणूवरच्या माणसाला दोष लागला.

मी म्हटलं, अरे, हे सगळे अपघात. क्रॉकर हसला, आपल्या माणसाच्या खोडीवर हसतात तसा. मग म्हणाला, "तिला वाटून घेतलेलं चालत नाही शिडेकाका. एवढंच आहे."

१७ फेब्रुवारी

आनंदाची बातमी. आपल्या टोरपॉइंटचा नोआ बिडिक, इथला बॉयलरवरचा आगवाला, पुढच्या रविवारी लग्न करतोय. मुलगी इथलीच, सेंग्लियाची. जुझेप्पा तिचं नाव. बाप नावाडी. तिच्या घरच्यांनी हट्ट धरला म्हणून नोआ पाद्र्याकडे जाऊन त्यांच्या पंथाचा झाला. आईला कसं सांगू म्हणून माझ्याजवळ रडला. मी म्हटलं, आई दोन दिवस रडेल, नातू झाला की गप्प होईल.

मग मी विचारलं, तोरण कोण करतंय? तुला आठवतं ना, बोटीवरच्या कुणाचं लग्न असलं की त्या सकाळी हिरव्या पाल्याचं आणि फितींचं तोरण डोलकाठीवर चढतं, आणि लग्न लावून आलेला नवरदेव स्वतः वर चढून ते उतरवतो. मी आजवर ज्या ज्या बोटीवर होतो तिथे हे झालंय. बंदरातल्या सगळ्या बोटी भोंगे वाजवतात. नुसतं बघूनच माणूस खूश होतो.

तर जो तो आपापल्या कामाला लागला. मग एक जण म्हणाला, या बोटीवर तोरण बांधत नाहीत. का, तर नाही बांधत. लग्न झालं तरी इथे कुणी बोलून दाखवत नाही. मी क्रॉकरला विचारलं. तो म्हणाला, ज्याला लग्न करायचंय त्यानं किनाऱ्यावर गुपचूप करावं, बाईसाहेबांच्या डोक्यावर कशाला नाचवता.

मला राग आला, केझे. पोराचं लग्न आणि ते चोरासारखं करायचं? मी सांगून टाकलं, तोरण मी करतो.

२३ फेब्रुवारी

तोरण झालं. पिंपाच्या तीन कड्या एकमेकींत अडकवल्या, वरून लॉरेलचा पाला, आणि पांढऱ्या नि निळ्या फिती. पाला जुझेप्पाच्या धाकट्या भावांनी आणून दिला. शिवताना टेम्परन्सची आठवण येत होती, हे कबूल करतो. मधूनच हॉकिंगही आठवला आणि सुई बोटात गेली. डोलकाठीच्या खोडावर रक्ताचा थेंब पडला, तो फडक्यानं पुसला, तर डाग राहिला नाही. लोखंडानं पिऊन टाकल्यासारखा.

उद्या चढवतो.

२४ फेब्रुवारी, रविवार

कसं लिहू. लिहितो.

सकाळी तोरण वर चढलं. ऊन छान होतं, पाणी ताटातल्यासारखं स्थिर. दोन बोटींनी भोंगे दिले. कप्तानानंही वर बघून मान हलवली. नोआ चांगले कपडे घालून, छातीला फीत लावून खाली उतरला. जुझेप्पाचा बाप स्वतः होडी घेऊन आला होता. होडी आमच्या बोटीच्या कुशीला होती, आणि तिच्या पलीकडे कोळशाचा पडाव, ती सपाट मालवाहू नाव, बांधलेला. नोआनं शिडीच्या शेवटच्या पायरीवरून वर बघितलं, मला हात केला आणि होडीत पाय टाकला.

थिओडोरा हलली.

वारा नव्हता. लाट नव्हती. एवढी आठ हजार टनांची बोट, दोन्ही बाजूंनी बांधलेली, झोपेत कूस बदलावी तशी पडावाकडे सरकली आणि परत जागेवर आली. म्हाताऱ्या नावाड्यानं पाण्यात उडी मारली, तो वाचला. नोआ मध्ये सापडला.

पुढचं लिहीत नाही. त्याला त्याच्या झोपायच्या झोळीत शिवायचं काम माझंच होतं, ते केलं.

दुपारी वर आलो तर तोरण तसंच. कुणी हात लावेना. धक्क्यावर ती मुलगी लग्नाच्या पोशाखात उभी होती, हलत नव्हती, आणि तिचे डोळे त्या तोरणावर. मला बघवेना. माणसांना म्हटलं, उतरवा ते. कुणी पुढे होईना. मग मीच चढलो. माझ्या वयाला शोभत नाही, पण चढलो, दोऱ्या सोडल्या, तोरण छातीशी धरून खाली आलो.

उतरताना डोलकाठी थरथरत होती. घोड्याच्या मानेवरून हात फिरवला की कातडी थरथरते ना, तशी.

डेकवर सगळे माझ्याकडे बघत होते. क्रॉकरचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, नोआच्या दुःखानं. तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "उतरवतो तो नवरदेव असतो, शिडेकाका. तू हे काय केलंस?"

३ मार्च

मन लागत नाही, पण बोटीवर माझं फार बरं चाललंय, हेच खटकतं. भूमध्य समुद्राला मार्चमध्ये कशी हुडहुडी भरते ते तुला मागे एका पत्रात लिहिलं होतं. सगळ्यांच्या झोळ्या दमट, माझी खोली मात्र उबदार. डोलकाठीचं खोड हाताला गरम लागतं. परवा समुद्रात सरावाला गेलो, बोट डोलत होती, बाकीच्यांचा सूपचा टोप उलटला, माझा कप हलला नाही. सुई बोटाला लागत नाही. गाठ मारायला घेतली की दोरा आपणहून वळतो.

पोरं चिडवतात, शिडेकाकांना बाईसाहेबांनी मांडीवर घेतलंय. मीही हसतो.

क्रॉकर हसत नाही. माझ्याशी बोलणं सोडलंय त्यानं. आज खोलीच्या दारात येऊन उभा राहिला आणि डोलकाठीच्या खोडाला हात लावला. लगेच मागे घेतला. तळवा दाखवला मला, थंडीनं फोड आलेला. मी हात लावला तर कोमट. तो म्हणाला, सतरा वर्षं मी हिचं सगळं केलं, ही कधी माझ्यासाठी गरम झाली नाही. माणसाच्या डोळ्यांत असलं जळणं मी बेकर हॉकिंगबद्दल माझ्याच आरशात बघितलंय, म्हणून ओळखलं.

१२ मार्च

टपाल आलं. तुझं पत्र कोरडं ठणठणीत. पास्कोचा खोकला गेला, वाचून बरं वाटलं. टेम्परन्सचं पत्र त्याच पिशवीत, त्याच गठ्ठ्यात, तुझ्या पत्राला चिकटून, आणि भिजून लगदा. एक अक्षर वाचता येईना. पिशवी आतून कोरडी होती.

तिला सांग, पुन्हा लिही म्हणावं.

हॉकिंगबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. नुसताच देतो तर. गंमत बघ, वाचून काही वाटलं नाही. आधी मी लगेच कागद ओढून तुला चार पानं लिहिली असती.

२० मार्च

टेम्परन्ससाठी वालेटातून अंगठी घेतली होती, तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून लिहिलं नव्हतं. पत्र्याच्या डबीत ठेवली होती, डबी पेटीत, पेटीला कुलूप. आज डबी रिकामी.

अंगठी सापडली. डोलकाठीच्या खोडाला लोखंडी पट्टा आहे, त्याला बोटाएवढा बोल्ट आहे. त्या बोल्टात अंगठी बसलीये. वरून रंग. एक थर नाही, थरावर थर, वर्षानुवर्षांचा जुना रंग. मी ती आठवड्यापूर्वी विकत घेतलीये, केझे.

कानस लावली. कानस घसरली आणि माझ्याच बोटाला लागली. पुन्हा लावली, पुन्हा तेच बोट. डाव्या हाताचं, करंगळीशेजारचं. आता त्याच्याभोवती गोल जखम आहे.

२ एप्रिल

हुकूम आला. अॅडमिरलचं निशाण नव्या बोटीवर चाललं. ऑगस्टा तिचं नाव. पांढरीशुभ्र, शिडं नाहीत, डोलकाठ्या नुसत्या निशाणापुरत्या. थिओडोरानं मायदेशी प्लिमथला जायचं, माणसं मोकळी करायची, आणि मग ती विकून मोडायची.

माणसं नाचताहेत. जो तो बायकोची, पोरांची नावं घेतोय. घेऊ नका म्हणून सांगावंसं वाटतं. बायकांची नावं उघड्यावर—

क्रॉकर पुढच्या तोफेशी बसून रडला.

आणि मला राग आला. ऐक, मी माझ्यापासून लपवत नाही तर तुझ्यापासून काय लपवू. क्रॉकर तोफेवर गाल टेकून रडत होता आणि मला वाटलं, याला काय अधिकार. उठवावं याला. असं वाटलं, आणि मग माझीच मला भीती वाटली.

९ एप्रिल

निघालो. ऑगस्टा बंदराच्या तोंडाशी उभी होती, नव्या निशाणासकट, बँड वाजत. तिच्या शेजारून जाताना थिओडोराचं नाक तिच्याकडे वळलं. सुकाणूवर चार माणसं लोंबकळली तेव्हा हातभर अंतरानं चुकलं. कप्तान म्हणतो, सुकाणूची साखळी अडकली.

साखळी मी पाहिली. अडकलेली नव्हती.

मीच खाली जाऊन खोडाला हात लावला होता. म्हटलं होतं, बाई, जाऊ दे. तेव्हा वळली सरळ. हे कुणाला सांगू?

१६ एप्रिल, जिब्राल्टर

कप्तानाला सांगितलं, छातीत दुखतंय, मला इथेच उतरवा, टपालाच्या बोटीनं घरी जातो. माणूस चांगला, लगेच हो म्हणाला. पेटी होडीत ठेवली. वल्ह्यांवर चौघे होते, शेजारी पाण्याचा पडाव.

मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. ती सरकली. पडावाकडे. हळू.

मी पाय वर घेतला. ती थांबली.

पुन्हा ठेवला. पुन्हा सरकली. चौघे खाली हसत होते, शिडेकाका घाबरले म्हणून. त्यातला एक पाइपचा धूर काढत गाणं म्हणत होता.

पेटी वर मागवली. म्हटलं, दुखायचं थांबलं.

टेम्परन्सला अजून सांगू नको. मी काही तरी—

२३ एप्रिल, बिस्केचा उपसागर

उत्तरेकडे तोंड केलं की इंजिन बंद पडतं. आगवाले रडकुंडीला आलेत. मग मी खोडाशी बसतो, तिच्याशी बोलतो, मग चालू होतं. काय बोलतो ते लिहीत नाही. तुझ्या नवऱ्यानं तुला लग्नाच्या पहिल्या वर्षी जे सांगितलं असेल तसलं. खोटं बोलतो केझे, आणि तिला ते खोटं आहे हे कळतं, तरी ऐकून घेते. बाईमाणसाचं मन.

बाईमाणूस. काय लिहिलं मी.

२५ एप्रिल

आज तिचं नाव लिहायला गेलो, साल्टॅशच्या तिचं. टाक मोडला. दुसरा घेतला. दौत कलंडली, समुद्र शांत असताना. म्हणून यापुढे नुसतं तिकडची लिहितो.

तिकडचीचा चेहरा आठवत नाही. कानाशी तीळ होता, तो डाव्या की उजव्या?

डोळे मिटले की लोखंडावरचे खिळे दिसतात. ओळीनं. सुंदर.

२७ एप्रिल

क्रॉकर आला. दार लावलं. हातात सुरा. मला वाटलं, संपलं. एक प्रकारे बरं वाटलं.

तसं नव्हतं. म्हणाला, तुला नको असेल तर मला दे तिला. त्यानं सुऱ्यानं स्वतःचा तळवा कापला आणि खोडाला लावला, माझं रक्त पडलं होतं तिथेच. रक्त लाल ओघळ होऊन खाली गेलं. तिनं प्यायलं नाही.

तो खाली बसला. मी त्याचा हात बांधला. दोघंही म्हातारे. मग म्हणाला, तुझ्यात असं काय आहे रे.

मला कुठे माहीत.

२९ एप्रिल, सकाळ

कॉर्नवॉलचा किनारा दिसतोय! सगळे कठड्याला. हिरवी टेकडी, रेम हेडचं टोक, पलीकडे आपली खाडी. माणसं टोप्या उडवतात. धक्क्यावर बायका थांबल्या असतील, चारशे माणसांच्या. चारशे सवती—

इंजिन बंद.

सकाळ अजून

खाली पाणी. कुठून कळत नाही. खडक नाही, धडक नाही. पत्रे जोडावरून उघडताहेत, गुंड्या सुटाव्यात तसे. डावीकडे कलली. कप्तानानं होड्या सोडायला सांगितल्या.

पहिल्या होडीत मला बसवलं, म्हातारा म्हणून. होडी सुटायच्या आत ती अंगावर कलली. दोऱ्या तुटल्या. माणसं पाण्यात पडली, ओढून काढली, सगळी. मी वर आलो. सरळ झाली.

कठड्याकडे गेलो. कलली.
डोलकाठीकडे आलो. सरळ.

मग समजलं मला. अवघड नव्हतं.

खोलीत आहे. पाठ खोडाला. इथे बसलोय तोवर ती ताठ उभी आहे आणि होड्या खाली जाताहेत. वर कप्तान ओरडतोय, बायकापोरं असलेले आधी, बायकापोरं असलेले आधी. नको ना असं बोलू. मी गुणगुणतोय, तिला ऐकू जाऊ नये म्हणून.

पाणी दारापर्यंत. कोमट.

क्रॉकर आलाय. जायचं नाही म्हणत होता. खोडाला मिठी मारून बसला. तिनं असा हिसका दिला की तो दारातून बाहेर फेकला गेला. पुन्हा आला. पुन्हा तेच. आता दारात उभा आहे, रडतोय, कपाळातून रक्त. मी त्याला म्हटलं, ही वही तेवढी ने. शेवटच्या होडीत जा. तुझी जागा आहे तिथे.

तो म्हणाला, "माझी जागा इथे होती."

वही मेणकापडात शिवायला सुई काढलीये. चार टाके पुरतील. तो थांबलाय.

केझे, तिकडचीला तू तुझ्या शब्दांत सांग. मी घाबरून राहिलो असं नको सांगू. आणि मनानं राहिलो असंही नको. दोन्हीतलं खरं कुठलं, ते मलाही आता नीट—ती चांगली आहे गं, कुणाला दुखवायचं नव्हतं तिला, फक्त—

हे मी लिहिलं?

कंबरेपर्यंत. क्रॉकर हात पुढे करतोय. होड्या लांब गेल्या, एक सोडून.

पत्र लवकर लिही. खरंच लिही, वाट बघतो. तिचं नाव मात्र नको, पाकिटावर नको, आतही नको. पत्ता तोच, आता बदलायचा नाही. थिओडोरा, मधली डोलकाठी, रेम हेडच्या सम—